पोटखराब

मे महिन्यात आमच्या सोलापुरात सकाळी साडेदहानंतर मोजणी करायची नसते. जमिनीवरची हवा उकळायला लागते, मोजणीच्या मशीनच्या दुर्बिणीतून पाहिलं तर समोर काठीवर धरलेला काचेचा प्रिझम नाचताना दिसतो, आणि थोड्या वेळाने प्रिझम धरलेला पोरगाही. म्हणून आम्ही पहाटे पाचला निघतो आणि दहाला काम गुंडाळून सावली गाठतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बार्शी रोडला साडेअकरा एकरांचं काम होतं. हद्द कायम झालेली, लेआउट मंजूर झालेला. आमचं काम कागदावरचे रस्ते आणि प्लॉट जमिनीवर उतरवून द्यायचं, म्हणजे खुंट्या ठोकायच्या आणि चुन्याच्या रेघा मारायच्या. बावीस वर्षं मी हेच करतोय. साडेसातच्या सुमाराला नऊ मीटर रस्त्याच्या मध्यरेषेवर खुंटी ठोकायला वाकलेला आमचा इरण्णा तसाच थांबला.

"सर, इथं अंडी हैत."

टिटवीची चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाही, तळहाताएवढा खळगा आणि त्याच्या कडेला बारके खडे रचलेले. अंड्यांची निमुळती टोकं आत वळवलेली, त्यामुळे चारही मिळून एखाद्या फुलासारखी बसलेली. रंग अगदी तिथल्या मुरमाचा, वर काळपट शिंतोडे. एकदा नजर हलली की पुन्हा सापडायला मिनिटभर लागायचं. डोक्यावर टिटवीने आकाश-पाताळ एक केलेलं, आणि तिचा नर (की मादी, मला कळत नाही) थोड्या अंतरावर पंख लोंबवत लंगडायचं नाटक करत होता.

मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारे मामा आमचा घोळका बघून आले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चार हैत न्हवं? मग चार म्हैने पाऊस." आणि गेले.

जागेच्या मालकांना फोन लावला. ते देवभोळे गृहस्थ, टिटवीचं ऐकून जरा चरकले. "साहेब, चुना जरा बाजूनं टाका की. पर रस्ता हलवू नका."

चुना आम्ही बाजूने टाकला. रस्ता हलवण्याचा प्रश्नच नव्हता.

दुपारी ऑफिसात बसून त्याच गटाचा जुना सातबारा चाळत होतो. एकूण क्षेत्र ४ हेक्टर ६५ आर, त्यातलं पोटखराब १ हेक्टर १२ आर. अंडी होती ती जागा बरोबर या पोटखराबात. ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतजमिनीतला जो भाग लागवडीला चालत नाही, खडक आहे, माळ आहे, त्याला 'पोटखराब वर्ग अ' म्हणतात. ओढा, वाट, पाणवठा, मसणवटा यांच्याखालची जमीन 'वर्ग ब'. दोन्हींवर शेतसाऱ्याची आकारणी नाही. सरकारला काही द्यायचं नाही, सबब खराब. हजारो वेळा हा शब्द मी लिहिला असेल. त्या दुपारी पहिल्यांदा तो वाचला.

सोलापूर जिल्हा बघायला बाहेरचं कुणी येत नाही. येतात ते पंढरपूर-अक्कलकोटच्या दर्शनाला, नाहीतर तुळजापूरला जाताना मध्ये लागतो तो. डोंगर नाहीत, झाडी नाही, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आहे ते माळरान. मुरमाड, उताराची, गुडघाभर गवताची जमीन. शाळेत निबंधात आम्ही 'निसर्गरम्य' हा शब्द कोकणासाठी राखून ठेवलेला. आमच्या भागाला 'दुष्काळी' हा एकच शब्द पुरायचा.

आमचं गाव नान्नजच्या अलीकडे. माझा जन्म १९७९ चा, आणि माळढोक अभयारण्यही त्याच साली जाहीर झालेलं. त्यामुळे आम्ही दोघं एका वयाचे, आणि घरात दोघांनाही भरपूर शिव्या बसल्या. अभयारण्याचं क्षेत्र आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून. गावंच्या गावं, बाजारपेठा, हायवे, सगळं त्यात. गवताचे राखलेले सरकारी तुकडे त्या मानाने मूठभर. बाकी सगळी लोकांची वहिवाटीची शेतं, आणि त्यांच्या सातबाऱ्यावर अभयारण्याची नोंद.

ताईच्या लग्नाच्या वेळी अण्णांनी दीड एकर विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक आलं, चहा प्यालं, सातबारा बघितला आणि निघून गेलं. दुसरं आलं, तेही तसंच. एका बँकेने विहिरीच्या कर्जाची फाईल महिनाभर ठेवून परत केली. शेवटी अण्णांनी दोन बैल आणि आईची पुतळ्यांची माळ विकली. त्या काळात आमच्या घरी 'माळढोक' हा पक्षी नव्हता, आजार होता. "त्याला काय झालंय, त्याच्या नावावर आठ हजार किलोमीटर हाय," असं अण्णा म्हणायचे. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आमचा गट मोकळा झाला, तेव्हा अण्णांनी गावात पेढे वाटले होते. मी स्वतः त्या जमिनीचे गुंठे पाडून दिले. आज माझं ऑफिस ज्या गाळ्यात आहे तो त्याच पैशातला. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं की हा माणूस निसर्गप्रेमी वगैरे आहे.

आणि तरी लहानपणी माळढोक बघितलेला मला आठवतो. अण्णांबरोबर बैलगाडीतून येताना, ऑगस्ट-सप्टेंबर असावा. गवतातून एक उंच मान वर आली. शहामृगाचं पिल्लू असावं तसा. गाडीचा आवाज ऐकून तो पळाला नाही, सावकाश चालत उताराच्या पलीकडे गेला, जमीन त्याचीच असल्यासारखा. दहा-बारा किलोचा नर असतो. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं त्याला नीट दिसत नाही, म्हणून उडताना विजेच्या तारांना धडकतो. आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला क्वचित एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो पक्षी दोन्ही बाजूंच्या हातून गेला. आठ हजार किलोमीटर नावावर असताना त्याला हवं ते गवत राखायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण गवत म्हणजे काही नाही अशी कागदाची आणि आमची, दोघांचीही खात्री.

याचा पुरावा माझ्याच हातून घडलाय. २०१९ च्या जुलैत राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती. आमचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप भलताच पेटला. रविवारी सकाळी शंभरेक माणसं, बायकापोरं, एका माळावर. तीनशे रोपं आम्ही लावली, करंज, कडुनिंब आणि बरंचसं गिरिपुष्प. खड्डे आदल्या दिवशी जेसीबीने घेतलेले. जेसीबीवाल्याने डिझेलपुरते पैसे घेतले, बाकी पुण्य. तिथेही एक मेंढका उभा होता. त्याने विचारलं, "मग मेंढरं कुठं चारायची?" आम्ही त्याला टोपी घातली, 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलेली, आणि त्याच्याबरोबर फोटो काढला.

झाडं जगवा हे पुढचं कुणी वाचलं नाही. दोन उन्हाळ्यांत करंज आणि कडुनिंब गेले. गिरिपुष्प मात्र माजलं. पुढे कधीतरी आमच्याच ग्रुपातले एक सर, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मला त्या माळावर ऑक्टोबरात घेऊन गेले आणि गुडघ्यावर बसायला लावलं. कुसळी, पवन्या, मारवेल, आणि मला नावं न आठवणारी आणखी कितीतरी. एका हातभर चौकोनात अकरा प्रकार मोजले त्यांनी. मग म्हणाले, "धाविक, टिटवी, चंडोल ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी मंडळी. त्यांना लांबवर दिसायला पाहिजे. काळविटालाही तसंच. मोकळं रान असेल तर ते पळून वाचतं. तुम्ही मध्ये झाड उभं केलंत की शिकारी पक्ष्याला बसायला फांदी दिलीत, आणि लांडग्या-कुत्र्याला आडोसा." पँटीला चिकटलेली कुसळं काढत मी ऐकून घेतलं. तीनशे खड्ड्यांपैकी साठ-सत्तर माझ्या हातचे होते.

म्हणजे माळाचं वाटोळं करायला लोभी माणूसच लागतो असं नाही. भली माणसं रविवारच्या सकाळीही ते करू शकतात.

आता दुसरी बाजू. ती मला जास्त ठाऊक आहे, कारण माझं पोट तिच्यावर आहे.

हे शहर गिरण्यांचं. जुनी मिल १८७७ ची. भोंग्यावर घड्याळं लावणारी पेठ मी पाहिलीय. चुलते गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो, आणि नंतर काही वर्षं त्यांनी काय केलं हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. चादरीचं आणि टॉवेलचं नाव राहिलं, विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपातलं काम राहिलं, पण शिकलेल्या पोराने करावं असं इथे काय उरलं? आमच्या भावकीतले दोघे हडपसरला, एक हिंजवडीला. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचा डबा म्हणजे निम्मं सोलापूर असतं. ती मंडळी रविवारी परत जाताना "आपल्याकडं कायच होत नाही बे" असं म्हणतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

विमान पाहिजे, तर उद्योग येतील, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं. होटगी रस्त्याच्या धावपट्टीच्या आड साखर कारखान्याची चिमणी येत होती. त्यावरून शहर उभं-आडवं फाटलं. कारखाना म्हणजे हजारो ऊस उत्पादकांचं घर, विमान म्हणजे शहराचं भविष्य. २०२३ च्या १५ जूनला चिमणी पाडली. गच्चीगच्चीवर माणसं बघायला उभी होती. (आमची लेक तेव्हा लहान. "विमानासाठी चिमणी मारली?" असं विचारून रडली. मग बॉयलर म्हणजे काय ते समजावत बसलो.) २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. होटगी रोडच्या दोन लेआउटची चौकशी त्याच आठवड्यात आली.

उजनीचंही तसंच. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्याखाली गावं गेली. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. पण त्याच पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरतात, आणि तिथल्या मासेमारांच्या होड्यांना पर्यटकांची भाडी मिळतात. त्याच पाण्यावर जिल्हाभर ऊस उभा राहिला आणि ज्वारी मागे सरकली. एवढं असून आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. म्हणजे धरण वाईट की चांगलं, असा प्रश्न मला विचारू नका.

सौर प्रकल्पांना गायरानं चाललीत, म्हणून सरांचा जीव तुटतो. माझाही तुटतो, पण अर्धाच. रात्री एकला लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघालेला बाप मी बघितलाय. एकदा त्यांच्या पायावरून नाग गेला, सकाळी चहा पिताना सांगितलं, जसं काही पेपरवाला येऊन गेला. दिवसाची लाईट हे ज्यांच्यासाठी स्वप्न आहे त्यांना गवताचे अकरा प्रकार सांगायला मी जाणार नाही.

पण एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याच्या टेबलावरून स्पष्ट दिसते. बदल्यात काय जातंय, त्याची नोंदच कुठे होत नाही. बागायत गेली तर तिची किंमत कागदावर येते. विहीर, पाइपलाइन, डाळिंबाची झाडं, सगळ्याचं मूल्यांकन. आंब्याचं एक झाड असलं तरी ते मोजतात. माळ गेला तर काही गेलंच नाही, कारण तिथे आधीच शून्य लिहिलेलं. मग जो प्रकल्प येईल तो शून्याच्या वरच दिसणार. रस्ता करायला मुरूम पाहिजे? माळ खरवडा, ब्रासने मोजा, रॉयल्टी भरा. (भरलीच तर.) रस्ता झाल्यावर राहिलेल्या माळाला फ्रंटेज, म्हणजे रस्त्याकडची बाजू, मिळते आणि मग मला फोन येतो.

ओढ्यांचं तर विचारूच नका. जुन्या गाव नकाशात ओढा दोन रेघांत काढलेला असतो, वळणावळणाने, ऐसपैस. लेआउटमध्ये तो येतो तेव्हा एक सरळ नळी होऊन येतो. कागदावर रुंदी नियमाप्रमाणे, पण वळणं गेली, काठचा पसरट माळ गेला. शहरातून वाहणाऱ्या आदिला नदीला तर आम्ही सरसकट नाला म्हणायला लागलो. नाला म्हटलं की काठावर काहीही करता येतं.

त्या मामांचं चार अंड्यांचं भाकीत जरा जास्तच खरं झालं. पाऊस मेमध्येच सुरू झाला आणि हटेना. सप्टेंबरात सीना नदीला असा पूर आला की माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापुरातली गावं पाण्यात गेली. आयुष्यभर टँकरची वाट बघणाऱ्या लोकांना पत्र्यावर बसून होडीची वाट बघावी लागली. इकडे शहरात आदिलाचं पाणी घरांमध्ये. त्या आठवड्यात एका जुन्या लेआउटमधल्या बाईंचा फोन आला. "साहेब, तुमीच मोजलेला ना आमचा प्लॉट? मग आमच्या हॉलमध्ये हे पाणी कसं काय?" मी फाईल काढली. प्लॉट नियमात होता. सही माझीच होती. गाव नकाशा लावून बघितला तर त्यांचा हॉल ओढ्याच्या जुन्या वळणात. नियमातला प्लॉट आणि वळणातला हॉल, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. फोनवर मी काहीतरी सटरफटर बोलून वेळ मारून नेली.

तेव्हापासून मी एक छोटा हट्ट धरलाय. लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पद्धत अशी की ज्या तिरक्या तुकड्यात प्लॉट बसत नाही तो ओपन स्पेस म्हणून दाखवायचा, सपाट करायचा, कंपाउंड मारून बोर्ड लावायचा. मी मालकांना सांगतो, ही जागा ओढ्याच्या काठाने द्या, आणि जेसीबी घालू नका. आहे तशी राहू द्या. चारपैकी तिघे हसतात. बार्शी रोडवाल्यांनी ऐकलं, माझ्या बोलण्याने नव्हे, टिटवीच्या धास्तीने. त्यांच्या पुढच्या टप्प्याच्या लेआउटमध्ये ओढ्यालगत पाऊण एकर जशीच्या तशी आहे. कुसळी तिथे कमरेला लागते.

टिटवीच्या त्या अंड्यांचं काय झालं, मला माहीत नाही. रोलर दहा-बारा दिवसांनी आला. तोवर पिल्लं निघाली असतील तर निघाली असतील. मी गेलो तेव्हा खडी पडलेली होती.

त्या पाऊण एकरावर आता तिथल्या प्लॉटधारकांचा अर्ज आहे. गार्डन कधी करणार, लॉन आणि कारंजं ब्रोशरमध्ये होतं. त्यांचंही बरोबर आहे, ब्रोशरमध्ये होतं. पोरांना खेळायला जागा हवी, कुसळं टोचतात, सापाची भीती. अण्णांना एकदा गाडीतून दाखवायला नेलं होतं. आता ऐंशीच्या पुढे आहेत. काच खाली करून बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, काही जुनं आठवलं असेल. म्हणाले, "एवढी जागा रिकामी सोडली व्हय रे? किती गुंठे गेले?"

मी तीस म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि काच वर घेतली.

परवा मोहोळ बाजूच्या एका नव्या गटाची ड्रॉइंग करायला बसलो होतो. मालकांचा नेहमीचा निरोप, पोटखराब किती निघतंय तेवढं आधी कळवा. ऑफिसातल्या नव्या मुलीला म्हटलं, मोजणीत जो पोटखराब येईल तो नुसता रिकामा ठेवू नको, ओढा वेगळा दाखव, खडक वेगळा, आणि वरच्या अंगाला गवत आहे तिथे 'माळ' लिही. ती संगणकावर बराच वेळ हॅच, म्हणजे नकाशात त्या-त्या जमिनीसाठी भरायची ठरलेली नक्षी, शोधत होती. शेतीचा लेयर होता, झाडाची खूण होती, विहीर, खांब, कच्चा रस्ता, सगळं होतं.

"सर," ती म्हणाली, "माळाला हॅच कुठला देऊ?"